पाणी चढतंय की उतरतंय?

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी कुणी भेटलं की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "किती फूट झालं?" असं विचारतात. कशाचे फूट, ते सांगावं लागत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. तेव्हापासून तर हे आकडे आमच्या अंगातच मुरलेत.

पण आकडा ऐकून कुणाचं समाधान होत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "चढतंय की उतरतंय?"

४१ फूट आणि चढतंय म्हटलं की सुतारवाड्यातल्या बायका गाद्या, धान्याची पिंपं आणि पोरांची दप्तरं उचलायला लागतात. ४१ फूट आणि उतरतंय म्हटलं की त्याच बायका खराटे आणि फिनेल काढतात. आकडा तोच, घाट तोच, पाणीही दिसायला तेवढंच गढूळ. नुसतं पाण्याकडे बघून ते कुठे निघालंय, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझे सासरे होते तोवर पुराच्या दिवसांत ते आमच्या जिन्याच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारायचे आणि शेजारी वेळ लिहायचे. दोन तासांनी दुसरी रेघ. राधानगरी धरणाचे सातपैकी चार दरवाजे उघडल्याचा निरोप आला, की एका दरवाजातून १४२८ क्युसेक म्हणजे किती याचा हिशोब बोटांवर करायचे, आणि तरी दुसरी रेघ मारल्याशिवाय कुणाला सल्ला द्यायचे नाहीत. गल्लीतली माणसं दारात ताटकळायची. "आबा, निघायचं का न्हाई, तेवढं सांगा." आबा घड्याळाकडे बघून म्हणायचे, "थांबा. अजून एकच रेघ झालीया."

मी वीस-बावीस वर्षं मुलांना सामाजिक संशोधनाची पद्धत शिकवली. माझ्या स्वतःच्या पहिल्या संशोधनात मी एकच रेघ मारली होती आणि तेवढ्यावर सल्ला देऊन मोकळी झाले होते. त्याबद्दल कधीतरी सविस्तर लिहायचं होतं.

ते माझं एम.फिल. होतं. २००३-०४ चा गळीत हंगाम. विषय घेतला होता गुऱ्हाळावरच्या मजुरांच्या आरोग्याचा. भोगावतीच्या काठाला तेव्हा गुऱ्हाळं बरीच होती. मी शहरात वाढलेली, गूळ खाल्लेला पण होताना न बघितलेला, त्यामुळे पहिले काही दिवस मी नुसती बघतच राहिले. चरकातून रस काहिलीत यायचा. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारखी सारत राहावी लागायची, जाळ जरा कमी पडला की वरून गुळव्याचा आवाज यायचा. रस तापला की मळी वर यायची, भेंडीचं पाणी घातलं की ती आणखी सुटायची, ती काढून टाकायची. मग गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांत दाबून बघायचा. त्या गोळीत त्याला काय कळायचं ते त्यालाच ठाऊक, पण त्याने हात वर केला की सगळे धावायचे आणि काहील वाफ्यात रिकामी व्हायची. या सगळ्याला वास होता, वाफ होती आणि धूर होता. चुलवाणासमोर बसणाऱ्या माणसाचे डोळे कायम लाल असायचे.

माझी प्रश्नावली चार पानांची होती. वय किती, शिक्षण किती, किती हंगाम काम केलं, चुलवाणावर की काहिलीवर, खोकला येतो का, धाप लागते का, डोळ्यांना त्रास होतो का, तंबाखू खाता का, विडी ओढता का. एका हंगामात एका मजुराला एकदाच गाठायचं आणि उत्तरं लिहून घ्यायची. संध्याकाळच्या एसटीने घरी यायचं. कपड्यांना काकवीचा वास यायचा आणि मला आपण काहीतरी खरं काम करतोय असं वाटायचं.

मग तक्ते झाले. त्यांतून जे निघालं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. ज्यांचे हंगाम थोडे झाले होते, त्यांच्या तक्रारी जास्त होत्या. ज्यांनी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस हंगाम काढले होते, त्यांच्या तक्रारी कमी. काय-स्क्वेअर चाचणी लावली, फरक योगायोगाचा दिसत नव्हता. आणि मी लिहिलं, "कामाच्या अनुभवामुळे मजुरांची धुराला तोंड देण्याची क्षमता वाढते." हे वाक्य माझं आहे, मी ते घोटून घोटून लिहिलं होतं, आणि प्रबंधाच्या निष्कर्षाच्या पानावर ते अजून आहे.

प्रबंध मान्य झाला. ज्या गुऱ्हाळावर मी सगळ्यात जास्त बसले होते, तिथे चार पानांचा सारांश आणि पेढे घेऊन गेले. मालक भला माणूस, मला कधी चहा चुकवला नाही. त्याने तिथेच उभं राहून सारांश मोठ्याने वाचला आणि त्या वाक्यापाशी आल्यावर मजुरांकडे वळून म्हणाला, "ऐका. बाईंनी अभ्यास करून लिवलंय. सवय झाली की काय होत न्हाई." तो हे चेष्टेने म्हणाला नव्हता. त्याला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं मनात कुठेतरी असलेली टोचणी निघाल्यासारखा तो मोकळा दिसत होता.

चिपाडं वाळत घालणारी एक मावशी तिथे होती. ती कंबर सरळ करून म्हणाली, "बाई, ज्याला धाप लागती त्यो हितं कशाला यील? त्यो घरात बसलाय न्हवं. चला, दावतो."

आमच्या भागात बायका 'दावतो', 'येतो' असंच बोलतात. ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही गावात गेलो. पहिल्या घरात एक माणूस बाजेवर बसूनच होता. झोपलं की दम कोंडतो म्हणून बसलेला. पंधरा-सोळा हंगाम चुलवाणावर होता. वय विचारलं तर माझ्या थोरल्या भावाएवढं निघालं. दुसऱ्या घरातल्या माणसाने काम सोडून शेळ्या धरल्या होत्या, चढ लागला की शेळ्या पुढे जातात आणि हा मागे थांबतो, असं त्याची बायको सांगत होती. तिसऱ्या घरात भिंतीवर फोटो होता, हार घातलेला. मावशी काही बोलली नाही. मी फोटोतल्या माणसाचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. का लिहिलं, माहीत नाही. त्याला विचारायचे प्रश्न माझ्याकडे चार पानं भरून होते.

हे तिघेही माझ्या अभ्यासात नव्हते. असणं शक्यच नव्हतं, कारण मी गुऱ्हाळावर जाऊन त्या दिवशी हजर असलेल्यांना विचारत होते. पंचवीस हंगाम टिकलेला माणूस धुराला सरावलेला नव्हता, तो उरलेला होता. त्याच्याबरोबर सुरुवात करणारे गळून गेल्यावर मागे राहिलेल्यांची उत्तरं मी गोळा केली आणि त्यांच्या टिकण्याला अनुभवाचं फळ म्हटलं.

या चुकीला शास्त्रात नाव आहे, हे मला नंतर कळलं. किंवा नाव आधी वाचलं होतं, अर्थ नंतर कळला. येझी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हा धोका दाखवून दिला होता: एखाद्या क्षणी हजर असलेल्या रुग्णांकडेच बघितलं, तर लवकर मेलेले आणि लवकर बरे झालेले दोघेही नजरेतून सुटतात आणि कारणाचा अंदाज पार उलटाही होऊ शकतो. पुस्तकांत याला नेमनचा पूर्वग्रह म्हणतात. कामगारांच्या बाबतीत त्याच्याच जातीची दुसरी गोष्ट असते, ती म्हणजे निरोगी कामगाराचा परिणाम. कामावर असणारा माणूस कामावर येण्याइतका धड असतो, म्हणून तो इतरांपेक्षा निरोगी दिसतो. मी परीक्षेत या दोन्हींवर टिपा लिहिल्या होत्या. मावशीने मात्र ते एका वाक्यात सांगितलं, आणि ती कधी शाळेत गेली नव्हती.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण त्या दिवसानंतर माझी दुसऱ्या बाजूला घसरायची वेळ आली होती. त्या तिघांना धुरामुळेच दम लागला, असंही मला म्हणता येत नव्हतं. बाजेवरचा माणूस विडी ओढत होता. तिन्ही घरांत लाकडाची चूल होती. आणि मावशीने मला दम लागलेल्यांचीच घरं दाखवली होती, गुऱ्हाळ सोडून वाळव्याला ट्रक चालवायला गेलेल्या धडधाकट माणसाचं घर तिने कशाला दाखवावं? गुऱ्हाळावरच्या यादीत आजारी माणसं गाळली गेली होती, मावशीच्या यादीत निरोगी. दोन्ही याद्या अपुऱ्या होत्या. मला पाहिजे होती ती वीस वर्षांपूर्वीची यादी, पहिल्या हंगामाला पहिल्या दिवशी आलेल्या सगळ्या पोरांची. ती कुणीच केली नव्हती.

एकाच वेळी, एकदाच माहिती घेणाऱ्या अशा अभ्यासाला क्रॉस-सेक्शनल म्हणतात. आडवा काप. उसाच्या मुलखात हा शब्द समजावायला सोपा जातो. उसाचं एक पेर आडवं कापलं की साल किती जाड, रस किती, आत पोकळ आहे का, हे सगळं दिसतं. पण तोच ऊस उभा धरून बुडख्यापासून शेंड्यापर्यंत बघितला तर शेतकरी वेगळंच वाचतो. मधेच दोन-तीन कांड्या आखूड दिसल्या की म्हणतो, तेव्हा पाण्याची पाळी चुकली होती. पाण्याचा ताण पडला की कांडी आखूड राहते आणि पुन्हा पाणी मिळालं की पुढच्या कांड्या लांब सुटतात. वर्षभराचा हिशोब उसाच्या अंगावर लिहिलेला असतो, पण तो उभा. आडव्या कापात तो सापडत नाही, कितीही धारदार कोयत्याने कापा. नमुन्याची संख्या वाढवली की हा दोष जातो, असं विद्यार्थ्यांना वाटतं. शंभरऐवजी हजार ऊस आडवे कापले तरी पाळी कधी चुकली ते कळणार नाही.

उलट्या कार्यकारणभावासाठी मी वर्गात रंकाळ्याचं उदाहरण द्यायची. पहाटे सहाला रंकाळ्यावर फिरणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांना विचारा, तुम्हाला साखर आहे का? मग त्याच वयाच्या, त्या वेळी घरी झोपलेल्यांना विचारा. फिरणाऱ्यांत मधुमेही जास्त निघाले, तर मी नवल करणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तर ते पहाटे उठून आलेत. आधी आजार आणि मग चालणं. इथे कुणी फसत नाही, कारण क्रम आपल्याला माहीत आहे. पण बचत गटात जाणाऱ्या बायकांचा आत्मविश्वास जास्त आहे, असं एका पाहणीत दिसलं की आपण लगेच म्हणतो, बघा, गटामुळे आत्मविश्वास आला. तो आधीपासून होता म्हणून ती उंबरा ओलांडून गटात गेली, हे का नसेल? किंवा सासू समजूतदार आहे म्हणून गटही झाला आणि आत्मविश्वासही आला? एका दिवसाच्या प्रश्नावलीत या तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात.

मराठीत या सगळ्याचा कणा एका शब्दयोगी अव्ययात आहे: 'मुळे'. मूळ सापडल्याशिवाय 'मुळे' लिहू नये, असं मला आता वाटतं. विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना मी लाल पेनाने पहिल्यांदा हे 'मुळे' शोधते. "मोबाइलच्या वापरामुळे झोप कमी होते." कशावरून? झोप येत नाही म्हणून रात्री मोबाइल हातात घेतला नसेल कशावरून? तिथे 'मोबाइल जास्त वापरणाऱ्यांत झोप कमी असल्याचे आढळले' एवढंच लिहायचं. मुलं हिरमुसतात. मॅडम, मग आम्ही काय शोधलं, असं विचारतात. सोबत आढळणं म्हणजे काहीच नाही, असं त्यांना वाटतं. त्यांचं चुकत नाही, वर्तमानपत्रात आणि भाषणात सगळीकडे 'मुळे'चाच मान मोठा आहे. 'परिणाम', 'प्रभाव', 'भूमिका' हे त्याचेच भाऊबंद. शीर्षकात 'परिणाम' आणि आत एक पाहणी, असे किती प्रबंध मी पाहिले असतील. पहिला माझाच.

आणखी एक गोष्ट मुलांना पटकन पटत नाही, ती मी मध्यवर्ती बसस्थानकावर नेऊन दाखवली होती. एका ठरावीक मिनिटाला फलाटांवर उभी असलेली माणसं मोजा आणि प्रत्येकाला कुठे जायचंय ते विचारा. जिकडे दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुटते तिकडची माणसं थोडी सापडतील, ती आली की जातात. आडबाजूच्या गावाची, दिवसातून दोनदा सुटणारी गाडी असेल, तर तिची माणसं तासन् तास बसलेली असतात, त्यामुळे मोजणीत तीच भरतात. प्रवासी जास्त कुठले, याचं उत्तर इथे चुकतं, कारण आपण प्रवास मोजलाच नाही, थांबणं मोजलं. आजारांचंही असंच होतं. वर्षानुवर्षं रेंगाळणारा सांधेदुखीसारखा आजार एका दिवसाच्या पाहणीत भरपूर सापडतो, आठ दिवसांत माणसाला उठवणारा किंवा नेणारा ताप निसटतो. किती जणांना आहे आणि किती जणांना नव्याने होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका वेळच्या पाहणीला पहिल्याचंच उत्तर देता येतं.

वयाच्या बाबतीत तर ही पद्धत शहाण्यांनाही फसवून गेली. वेगवेगळ्या वयाच्या लोकांची एकाच वर्षी बुद्धिमापन चाचणी घेतली की साठीतले तिशीतल्यांपेक्षा मागे दिसत. त्यावरून वाढत्या वयाबरोबर बुद्धी लवकरच उताराला लागते, असा समज झाला होता. अमेरिकेत वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलला एक अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं. तेव्हा दिसलं की बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. आधी दिसलेल्या फरकातला मोठा भाग पिढ्यांचा होता, शाळा किती मिळाली, खायला काय मिळालं याचा. हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती दुसरीत शाळेतून काढलेली. तिच्याशेजारी माझ्या पदवीधर मुलीला बसवून एकच कागद दोघींपुढे ठेवला आणि दोघींतल्या फरकाला 'म्हातारपण' म्हटलं, तर आजीवर केवढा अन्याय होईल! तिच्या म्हातारपणाने काय नेलं हे बघायचं, तर तिच्या तरुणपणाशी तुलना करायला हवी, माझ्या मुलीशी नव्हे.

तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या ऐंशीच्या वस्तादांना बघून जुन्या माणसांच्या हाडाचं कौतुक होतं. त्यांच्या जोडीला मेहनत करून पन्नाशीत गेलेले पैलवान त्या कट्ट्यावर बसलेले नसतात, एवढंच त्यावर सांगते.

पण मी ही पद्धत टाकाऊ आहे असं म्हणत नाही. २०१९ च्या पुरात आमच्या कॉलेजची मुलं निवारा केंद्रांतून वह्या घेऊन फिरली. गरोदर बायका किती, इन्सुलिन लागणारे किती, अंगावर पिणारी बाळं किती, हे त्या संध्याकाळी हवं होतं. तिथे कारण शोधायचं नव्हतं, मोजदाद करायची होती. देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून होते, २०१९-२१ ला तिची पाचवी फेरी झाली. प्रत्येक फेरीत घरं वेगळी असतात, त्यामुळे एका मुलाचं पुढे काय झालं ते तिच्यातून कळत नाही. पण देशातल्या मुलांचं एकंदर काय चाललंय, हे पाच रेघांवरून दिसतं. एका पाहणीपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. दोष पद्धतीत नाही, तिच्या तोंडी न झेपणारं वाक्य घालण्यात आहे. मी तेच केलं होतं, आणि त्या वाक्याने एका भल्या माणसाची टोचणी काढून टाकली. ती राहिली असती तर चुलवाणाचं धुराडं त्याने कदाचित दोन हात उंच केलं असतं. या विचाराने मला आजही बरं वाटत नाही.

उभा अभ्यास करणं किती अवघड आहे, तेही मी अनुभवलं. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांना पत्रं पाठवून धूम्रपानाच्या सवयी विचारल्या, ४०,००० हून अधिक डॉक्टरांनी उत्तरं दिली, आणि पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे पन्नास वर्षं घेतला गेला. आपल्याकडे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांच्या नोंदी घेतल्या, मग गरोदरपणात, मग बाळं जन्मली तेव्हा, मग ती बाळं वाढताना. वजनाने कमी असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र कमी नसतं, ही महत्त्वाची गोष्ट त्यांच्या कामातून पुढे आली. आईच्या पोटातल्या दिवसांचा तरुणपणातल्या साखरेशी काय संबंध, असा प्रश्न विचारायचा तर ते बाळ तरुण होईपर्यंत कुणीतरी त्याच्या दारी जात राहावं लागतं. याला पर्यायच नाही.

२०१७ च्या हिवाळ्यात मी माझी जुनी वही घेऊन भोगावतीकाठी परत गेले. तेरा-चौदा वर्षं झाली होती. कुणाचा हुकूम नव्हता, अनुदान नव्हतं. त्याच माणसांना तेच प्रश्न विचारावेत आणि दुसरी रेघ मारावी, एवढंच मनात होतं. मी बसायची ते गुऱ्हाळ बंद झालं होतं, काहील विकली होती, चुलवाणात गवत उगवलं होतं. भल्या मालकाची मुलं ऊस कारखान्याला घालत होती. वहीतल्या नावांपैकी काही शिरोलीच्या एमआयडीसीत, काही गोकुळ शिरगावात. काहींचा पत्ता गावालाही नव्हता, कारण ती माणसं हंगामापुरती बाहेरून आलेली. काही वारलेले. कशाने वारले विचारलं की उत्तर यायचं, "दम लागला आणि गेला." हा दम फुप्फुसाचा की हृदयाचा, कोण सांगणार?

जे भेटले त्यांना खोकला केव्हा सुरू झाला असं विचारलं, तर म्हणत, "पाच सालच्या पुराआधी असंल." एकाने तर मी २००४ मध्ये विचारलं होतं तेव्हा खोकला होता, असं आता ठामपणे सांगितलं. वहीत त्याच्याच उत्तरापुढे माझ्या हाताने 'नाही' लिहिलेलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. माणूस आज खोकतोय म्हणून त्याला आपण तेव्हाही खोकत होतो असं आठवतं. त्यामुळे एका भेटीतच मागचं सगळं विचारून घेऊ, ही पळवाटही धड नाही. मी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते. वही सांभाळून ठेवली नसती, तर मी त्याच्या आठवणीवरच विसंबले असते.

जमलेल्या उत्तरांवरून मी काहीही लिहिलं नाही. निम्म्याहून जास्त माणसं हातातून निसटली होती, आणि निसटलेली माणसं कशी होती हे मला माहीत नव्हतं. माझी जुनीच चूक नव्या रूपात पुढे उभी होती.

यंदा एक मुलगी माझ्याकडे आली. वडील गुळव्या होते. तिला गुऱ्हाळावरच्या धुरावरच काम करायचंय. कॉलेजातून निवृत्त झाल्यामुळे मी तिची मार्गदर्शक नाही, पण ती येते, बसते, विचारते. तिने तीन भेटी ठरवल्यात. गुऱ्हाळं पेटायच्या आधी एक, ऐन हंगामात एक आणि गुढीपाडव्यानंतर, चुलवाणं थंड झाल्यावर, एक. तीन रेघा. तीन वर्षं करता आलं तर करणार म्हणते. पहिल्या भेटीत तिने फुंकून बघायचं छोटं यंत्र सोबत नेलं होतं, म्हणजे खोकला आठवतो का यावर सगळी भिस्त राहणार नाही. तिच्या आराखड्याच्या शीर्षकात 'परिणाम' हा शब्द नाही. मी तो काढायला सांगितला नव्हता.

परवा ती विचारत होती, "मॅडम, ज्यांनी काम सोडलंय त्यांची यादी कुणाकडं मिळंल? ग्रामपंचायतीत विचारलं, त्यांच्याकडं न्हाई." मी मावशीचं नाव सांगितलं. मावशी आता गुऱ्हाळावर जात नाही, डोळ्यांना कमी दिसतं, पण गावातल्या प्रत्येक घराचं तिला ठाऊक आहे. या वेळी फक्त दम लागलेल्यांचीच नव्हे, सोडून गेलेल्या सगळ्यांचीच घरं विचारायची, असं मी मुलीला दोनदा बजावलं. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी जाणार आहोत.